नोकरी गेल्यावर पहिले नव्वद दिवस: गोव्यात पुन्हा कामाला लागण्यासाठी कोणता कागद, कुठे आणि कधी

दर शनिवारी सकाळी मी साखळीत लोकांचे अर्ज भरून द्यायला बसतो. मागच्या पावसाळ्यात पंचेचाळिशीचे एक गृहस्थ आले. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नऊ वर्षं मशीनवर होते. प्लॅस्टिकची फाईल उघडून त्यांनी एकेक कागद टेबलावर मांडला. सगळ्यांत वर रोजगार विनिमय केंद्राचं लॅमिनेट केलेलं रोजगार कार्ड होतं, पण त्याची मुदत संपून दोन वर्षं झाली होती. त्याखाली बँकेचं पासबुक, आणि तळाशी घडी घातलेली राजीनाम्याची झेरॉक्स. “तुमचं काम बंद झालं ना? मग राजीनामा का दिलात?” मी विचारलं. “ऑफिसात सांगितलं बाब, राजीनामा लिहून दे, हिशेब लवकर करतो.”

त्या एका पानाने त्यांचं किती नुकसान केलं, त्याचा हिशेब पुढे मांडला आहे. सरकारी योजना आपल्याकडे आहेत, आणि त्या कामाच्याही आहेत. पण त्यांना क्रम आहे. आधीच्या नोकरीतून तुम्ही कोणत्या कागदानिशी बाहेर पडलात, यावर पुढची अर्धी दारं उघडतात किंवा बंद होतात. म्हणून हा लेख योजनांच्या यादीने सुरू न करता नोकरी सुटते त्या दिवसापासून सुरू करतो.

पहिला आठवडा: सही करण्याआधी थांबा

मालकाने कामगार कमी केला तर त्याला कपात म्हणतात, आणि कपातीचे नियम कायद्यात आहेत. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा त्या महिन्याचा पगार मिळतो. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. संहितेने त्यात एक नवी गोष्ट घातली, ती म्हणजे पुनर्कौशल्य निधी. कपात झालेल्या कामगारामागे मालकाने शेवटच्या पगाराच्या हिशेबाने १५ दिवसांची रक्कम या निधीत भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायची. हे पैसे नवं काम शिकण्यासाठी आहेत.

आता त्या गृहस्थांचा हिशेब. पगार महिना १८ हजार, सेवा नऊ वर्षं. भरपाई ढोबळमानाने ८१ हजार, नोटिशीचा पगार १८ हजार, आणि आजच्या संहितेप्रमाणे पुनर्कौशल्याचे साधारण ९ हजार. राजीनामा दिला की कागदोपत्री ती कपात राहतच नाही आणि यातलं काहीच मागता येत नाही. ग्रॅच्युइटी तेवढी सुटली, कारण पाच वर्षं सेवा झाली की ती राजीनाम्यानंतरही मिळते.

म्हणून कोणी राजीनामा मागितला तर “घरी विचारून उद्या सांगतो” एवढंच म्हणा आणि कागद घरी आणा. कामावरून कमी केल्याचं पत्र मागा. पत्र देत नसतील तर तुम्हीच साध्या मराठीत लिहून द्या: अमुक तारखेपासून मला कामावर घेतलं जात नाही, लेखी कारण द्यावं. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. तरीही अडलं तर पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे तक्रार देता येते. ती मराठीतही चालते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्याची राजभाषा कोकणी असली, तरी शासकीय कामासाठी मराठीलाही त्यात जागा आहे. इंग्रजी येत नाही म्हणून तक्रार न देता परत फिरलेली माणसं मी पाहिली आहेत. तसं करू नका.

त्याच आठवड्यात एवढे कागद गोळा करा: नेमणुकीचं पत्र, शेवटच्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या, अनुभवाचा दाखला, पीएफचा (भविष्य निर्वाह निधीचा) यूएएन हा कायमचा खाते क्रमांक आणि ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) विमा क्रमांक. ठेकेदाराच्या हाताखाली असाल तर पीएफच्या पासबुकात पैसे कोणाच्या नावाने भरले आहेत ते बघा. तुमचा कायदेशीर मालक कोण, याचा तो पुरावा ठरतो.

पहिला महिना: ईएसआयचा बेकारी भत्ता

पगारातून दर महिन्याला ईएसआय कापला जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण नोकरी गेल्यावरही त्यातून पैसे मिळतात, हे दहातल्या एकालाही माहीत नसतं. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेले कामगार यात येतात.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ ला सुरू झाली. बेकार झालेल्या विमाधारकाला सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते. आपल्या उदाहरणात रोजची कमाई ६०० धरली तर ३०० रुपये रोज, म्हणजे २७ हजार. ही सवलत आयुष्यात एकदाच घेता येते.

अटी नीट वाचा, कारण दावे तिथेच अडतात. नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं विम्याखालच्या नोकरीत असायला हवं. ईएसआयचं वर्ष दोन भागांत चालतं, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. नोकरी जाण्याआधीच्या लगतच्या भागात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि दोन वर्षांतल्या त्याआधीच्या तीन भागांपैकी कुठल्याही एकात पुन्हा ७८ दिवसांची. शिस्तभंगाने काढलं असेल, निवृत्त झाला असाल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर लाभ नाही. राजीनामा इथेही आडवा येतो. स्वतःहून सोडलं असं रेकॉर्डवर दिसलं की दावा अडकतो.

नोकरी गेल्यापासून ३० दिवस झाले की दावा करता येतो. ईएसआयसीच्या पोर्टलवर अर्ज भरायचा, त्याची प्रत काढून सही करायची आणि आधार व बँक पासबुकाच्या झेरॉक्ससह आपल्या शाखा कार्यालयात द्यायची. आधारवरचं नाव आणि विमा कार्डावरचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळायला हवं. आपल्याकडे ‘नाईक’, ‘नाएक’, ‘गावकर’, ‘गांवकर’ असे इंग्रजी स्पेलिंगचे घोळ घरोघरी आहेत. ते नोकरीवर असतानाच दुरुस्त केलेले बरे. ही मुदतीची योजना आहे आणि मुदत वेळोवेळी वाढवत आले आहेत, म्हणून शाखेत जाल तेव्हा चालू मुदत विचारून घ्या.

कारखानाच बंद पडला असेल किंवा कायद्याने कपात झाली असेल, तर २००५ पासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना जास्त मोठा आधार देते. त्यात २४ महिन्यांपर्यंत भत्ता मिळतो. पहिले १२ महिने सरासरी पगाराच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. त्या काळात कुटुंबाला ईएसआयचे वैद्यकीय उपचारही चालू राहतात. घरी कोणी डायलिसिसवर किंवा बाळंतपणात असेल तर हा लाभ पैशांहून मोठा आहे. यासाठीसुद्धा मालकाचं कपातीचं किंवा कारखाना बंद झाल्याचं पत्र लागतंच.

पीएफ: सगळा काढून मोकळे होऊ नका

ही माझ्या घरातली गोष्ट आहे. माझे भावोजी खनिज वाहणाऱ्या बार्जवर होते. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ खाणपट्टे रद्द केले आणि मार्चच्या मध्याला खाणी थांबल्या. दोन महिन्यांत बार्ज नदीकाठी बांधल्या गेल्या. भावोजींची सेवा नऊ वर्षं चार महिने होती. पीएफ काढताना त्यांनी पेन्शनचाही अर्ज भरून टाकला आणि हातात आलेल्या रकमेतून घरावर पत्रे घातले. पेन्शनसाठी एकूण १० वर्षं सेवा लागते. त्या वेळी पेन्शनचे पैसे न काढता फॉर्म १० सी भरून योजना प्रमाणपत्र घेतलं असतं, तर दुसरी नोकरी लागल्यावर जुनी नऊ वर्षं मोजली गेली असती. आज ते वेर्ण्याला एका कारखान्यात कामाला आहेत आणि त्यांची पेन्शनची सेवा शून्यापासून सुरू झाली आहे. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, नाहीतर मी त्यांचा हात धरला असता.

तेव्हा पीएफमधून गरजेपुरते पैसे काढा, पण पेन्शनला हात लावण्याआधी सेवा मोजा. आणखी एक काम आहे. पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरलेली हवी. मालकाने ती भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः ओटीपीने भरू शकता. ती तारीख नसेल तर जुने पैसे नव्या नोकरीच्या खात्यात जात नाहीत.

रोजगार कार्ड: आजच तारीख बघा

हातात भत्ता आणि थोडा वेळ आला की रोजगार विनिमय केंद्राकडे वळा. गोव्यातल्या सरकारी जाहिराती वाचल्यात तर वैध रोजगार कार्ड, १५ वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोकणीचं ज्ञान ही तीन वाक्यं ठरलेली असतात. मराठीचं ज्ञान इष्ट मानतात. कार्डाची नोंदणी आणि नूतनीकरण गोवा ऑनलाइन पोर्टलवर होतं, केंद्राचं कार्यालय श्रमशक्ती भवनात आहे. रहिवासी दाखला मामलेदार कार्यालयातून मिळतो. त्यालाच जास्त दिवस लागतात, म्हणून तो अर्ज आधी करा. सेवा ठराविक मुदतीत द्यायची असा २०१३ चा गोव्याचा कायदा आहे. अर्जाची पोच घ्या आणि तिच्यावरची तारीख दाखवून पाठपुरावा करा.

कार्ड काढताना लोक फक्त शिक्षण नोंदवतात. अनुभव, वाहन परवाना, आयटीआयचा ट्रेड, टंकलेखन, संगणक कोर्स, सगळं नोंदवा. जे नोंदवलेलं नाही, त्यासाठी बोलावणं येत नाही. मुदत संपायची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, जिथे गॅसच्या सिलिंडरची लिहिता तिथेच.

वय झालं म्हणून सरकारी अर्ज सोडू नका. राज्य सरकारच्या थेट भरतीत साधारण ४५ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. २०१९ च्या कायद्याने आलेला गोवा कर्मचारी भरती आयोग संगणकावर परीक्षा घेतो, त्यामुळे माउस हातात न धरलेल्यांनी महिनाभर तरी सराव करून जावं.

आणि नोकरीसाठी कोणालाही पैसे देऊ नका. २०२४ च्या अखेरीस गोव्यात पैसे घेऊन सरकारी नोकरीचं आमिष दाखवल्याची प्रकरणं एकामागून एक उघडकीस आली. त्यांत सोनं गहाण टाकून पैसे दिलेली कुटुंबं होती. भरतीत कोणाचीही ‘सेटिंग’ आहे असं सांगणारा माणूस तुमच्या आईचे दागिने मागतो आहे, असंच समजा.

दोडामार्ग-सावंतवाडीकडून आलेल्यांकडे किंवा लग्न होऊन नुकत्याच इथे आलेल्या मुलींकडे १५ वर्षांचा दाखला नसतो. त्यांच्यासाठी केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आहे. २०१५ पासून ते चालू आहे, नोंदणी फुकट आहे आणि देशभरच्या खाजगी जागा व रोजगार मेळावे तिथे दिसतात.

हाताला नवं काम: अप्रेंटिसशिप आणि कौशल्याचा दाखला

अप्रेंटिसशिप म्हणजे आयटीआयच्या पोरांचं काम, असा गैरसमज आहे. राष्ट्रीय योजनेत वयाची मर्यादा ३५ पर्यंत आहे. पदवीधर, बारावी झालेले आणि दहावी झालेले सगळे यात बसतात. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. म्हणजे वेर्णा, कुंडई, पिळर्ण, थिवीच्या वसाहतींतल्या मोठ्या कंपन्या, औषध कारखाने आणि हॉटेलं यांत येतात. २०१९ च्या नियमांनी किमान स्टायपेंड शिक्षणाप्रमाणे ५ हजार ते ९ हजार रुपये ठरवला. त्यातले २५ टक्के, कमाल १५०० रुपये, केंद्र सरकार थेट तुमच्या खात्यात भरतं. राज्य सरकारनेही २०२३ पासून स्वतःची मुख्यमंत्री अप्रेंटिसशिप योजना चालवली आहे. तिची चौकशी श्रमशक्ती भवनात कौशल्य विकास संचालनालयात किंवा जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये करा. डिचोली, होंडा, फर्मागुढी, म्हापसा, काकोडा, काणकोण, कुठलंही चालेल.

घर चालवणाऱ्याला ९ हजार पुरत नाहीत, हे मी नाकारत नाही. विशी-पंचविशीतल्या आणि घरावर फारसा भार नसलेल्यांनी हा मार्ग आधी बघावा. यात पीएफ आणि ईएसआय कापत नाहीत, त्यामुळे हा काळ विम्याच्या वर्षांत धरला जात नाही, एवढं लक्षात असू द्या.

चाळिशीच्या पुढच्यांसाठी मला दुसरी वाट जास्त पटते. खाणीवर पंधरा वर्षं टिपर किंवा पोकलेन चालवणाऱ्याला, वेल्डरला, हॉटेलात जन्म काढलेल्या आचाऱ्याला शिकवायला काहीच नसतं. त्याला हवा असतो शिक्क्याचा कागद. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाला मान्यता देण्याची सोय आहे. थोड्या तासांचं मार्गदर्शन, मग परीक्षा आणि सरकारी प्रमाणपत्र. आखातात जायचं असेल तर हा कागद फार उपयोगी पडतो. फक्त एजंटाचं नाव केंद्राच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेलं आहे का, ते पासपोर्ट हातात देण्याआधी बघा.

स्वतःचं काम: पीएमईजीपी आणि विश्वकर्मा

धंद्यासाठी कर्ज हा शब्द ऐकला की आमच्या बायका घाबरतात, आणि त्यांची भीती खरी आहे. म्हणून आकडे समोर ठेवतो. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजेच पीएमईजीपी, २००८ पासून चालू आहे. २०२५-२६ पर्यंतच्या मंजुरीनुसार उत्पादनाच्या उद्योगाला ५० लाखांपर्यंत आणि सेवेच्या धंद्याला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. समजा सत्तरी तालुक्यातल्या एका बाईला शिवणकामाचं दुकान थाटायचं आहे आणि खर्च ५ लाख. महिलेला स्वतःचे ५ टक्के घालायचे, म्हणजे २५ हजार. बँक ४ लाख ७५ हजार देते. ग्रामीण भागातल्या महिलेला अनुदान ३५ टक्के, म्हणजे १ लाख ७५ हजार. हे पैसे हातात येत नाहीत, ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतात. धंदा नीट चालला तर ते कर्जात वळते होतात, आणि मधल्या काळात तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. म्हणजे खरं ओझं ३ लाखांचं. सर्वसाधारण प्रवर्गातल्या पुरुषाला हेच अनुदान गावात २५ आणि शहरात १५ टक्के असतं, स्वतःचा वाटा १० टक्के.

वय १८ पूर्ण हवं. सेवेत ५ लाख आणि उत्पादनात १० लाखांच्या पुढचा प्रकल्प असेल तर आठवी पास हवं. धंदा नवा हवा, चालू दुकानाला हे मिळत नाही. घरातून एकालाच मिळतं. १० लाखांपर्यंत तारण मागता येत नाही. बँकेने जमिनीचे कागद मागितले तर हे त्यांना शांतपणे सांगा. आणि आपल्याकडे पहिली कल्पना बार-रेस्टॉरंटचीच येते, पण दारू विकणारं हॉटेल किंवा ढाबा या योजनेत बसत नाही.

अर्ज ऑनलाइन असतो आणि छाननी जिल्हा उद्योग केंद्र किंवा खादी मंडळाकडे. प्रकल्प अहवाल एजंटाकडून छापील घेऊ नका. बँकेच्या मॅनेजरसमोर “महिन्याला किती ब्लाऊज शिवाल?” या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं. आमच्या गावातल्या एका मुलीने वहीत तीन महिने आजूबाजूच्या वाड्यांतल्या शिलाईची नोंद ठेवली होती. चतुर्थीच्या आधीच्या महिन्यात काम दुप्पट आणि जूनमध्ये निम्मं, हे तिने आकड्यांत दाखवलं. मॅनेजरने तिची वही पाहिली आणि अहवाल बाजूला ठेवला. हप्ता ठरवतानाही तिने तोच हिशेब लावला.

पीएमईजीपीत बसत नसाल तर राज्याची मुख्यमंत्री रोजगार योजना बघा. ती आर्थिक विकास महामंडळ चालवतं, पणजीत ईडीसी हाऊसमध्ये.

परंपरागत हस्तकौशल्य असलेल्यांसाठी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, शिंपी, नाभिक, गवंडी, होडी बांधणारे, मासळीची जाळी विणणारे, टोपल्या-झाडू करणारे असे १८ व्यवसाय त्यात आहेत. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, त्या दिवसांचे रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५ हजारांचं ई-व्हाउचर. मग ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि ते फेडल्यावर २ लाख कर्ज. नोंदणी सीएससी (सामायिक सेवा) केंद्रावर होते आणि पडताळणी पंचायतीत. पंचायतीत फाईल अडली तर त्या पंचायतीला नेमलेल्या स्वयंपूर्ण मित्राला, म्हणजे योजना लोकांपर्यंत पोचवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, गाठा. त्याचा दिवस सचिवांकडून विचारून घ्या.

नवी नोकरी लागते त्या दिवशी

१ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना चालू आहे. ज्याचा पीएफ आयुष्यात पहिल्यांदाच सुरू होतो आहे, त्याला दोन हप्त्यांत १५ हजारांपर्यंत मिळतात. तुमचा पीएफ आधी होता म्हणून ते तुम्हाला मिळणार नाहीत. पण ठरलेल्या संख्येने जादा माणसं घेणाऱ्या मालकाला प्रत्येकामागे महिना ३ हजारांपर्यंत मिळतात, आणि त्यात पुन्हा कामाला लागलेलेही धरतात. माणूस सहा महिने टिकला पाहिजे एवढी अट. लहान कारखानदारांना हे माहीत नसतं. मुलाखतीत सांगून बघा. एका मालकाने हे ऐकून दोनाऐवजी तीन माणसं घेतल्याचं मी स्वतः पाहिलं आहे.

रुजू होताना जुनाच यूएएन आणि जुनाच ईएसआय क्रमांक द्या. नवा क्रमांक काढू देऊ नका, नाहीतर मागची वर्षं दुसऱ्या खात्यात अडकून राहतील. पहिला पगार झाला की पुढच्या महिन्याच्या शेवटी मोबाईलवर पीएफचं पासबुक उघडा आणि नव्या कंपनीच्या नावाने ओळ आली आहे का बघा. साखळीचे ते गृहस्थ आता एका गोदामात कामाला लागले आहेत. पासबुक उघडायला ते पहिल्यांदा माझ्याकडे आले होते. दुसऱ्या महिन्यापासून त्यांची मुलगी घरीच बघते, आणि त्यांचं नवं रोजगार कार्ड आता तिच्याच दप्तरात असतं.